कोणत्या सालची गाडी? : एका फियाटच्या पाठशुद्धीची हकीकत

१

आमच्या घरी १९७४ सालची एक प्रीमियर पद्मिनी आहे. आरसी बुकात 'पद्मिनी' असे लिहिलेले असले, तरी घरात तिला कोणी त्या नावाने संबोधल्याचे आठवत नाही. ती पहिल्यापासून 'फियाट'च. आजोबांनी ती घेतली, पुढे वडिलांनी चालवली आणि वडिलांच्या पश्चात बरीच वर्षे ती मागील अंगणात पत्र्याच्या छपराखाली उभी होती. आम्ही भावंडांनी ती पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरवले, तेव्हा हे काम यंत्राचे, पत्र्याचे आणि खर्चाचे आहे, एवढीच आमची समजूत होती. गाडी गॅरेजात ओढून नेली त्या दिवशी मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधीच विचारले, "गाडी कोणत्या सालासारखी करायची?" आम्ही काहीशा आत्मविश्वासाने म्हणालो, "मूळ होती तशी." त्यांनी आत वाकून पाहिले आणि पुन्हा विचारले, "मूळ म्हणजे कोणती? आजोबांची की वडिलांची?"

प्रश्न रास्त होता. आजोबांच्या गाडीत गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर होता आणि पुढे सलग बाकासारखे आसन होते. वडिलांनी १९८८ साली तळाच्या पत्र्याला भोक पाडून गिअर खाली आणला आणि बाकाच्या जागी दोन सुटी आसने बसवली. आजोबांची गाडी पांढरी, वडिलांची निळी. आजीला चढता-उतरताना आधार हवा म्हणून मागच्या दाराच्या खांबावर जुन्या कपाटाची पितळी मूठ स्क्रूने बसवलेली होती. ती केव्हा बसवली हे कोणालाच सांगता येईना. या साऱ्या गाड्यांचा नोंदणी क्रमांक मात्र एकच होता.

ग्रंथाच्या संपादकाला जो प्रश्न पडतो तोच इथे ग्रीस लागलेल्या हातांनी विचारला गेला होता, हे लक्षात यायला आम्हांला काही महिने लागले. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाविषयी आहे. गाडीचा इतिहास त्यात ओघाने येईल. किंबहुना तो आल्यावाचून प्रश्नच नीट मांडता येणार नाही.

२

कारखान्यातले मूळ रूप तरी एकच होते काय, हे आम्ही प्रथम पाहिले. ते तसे नव्हते.

वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) हे सोलापूरचे. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहने देशातच तयार व्हावीत, हा त्यांचा ध्यास होता. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ सालची. कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी क्रायस्लर या अमेरिकी कंपनीशी झालेल्या करारानुसार डॉज, डिसोटो, प्लायमाउथ या गाड्यांची जोडणी होई. पन्नाशीच्या दशकात तिथे फियाट आली. डान्ते जियाकोसा या अभियंत्याच्या देखरेखीखाली घडलेली आणि १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडली गेलेली 'अकराशे' ही ती गाडी. तिची पुढची दारे उलट्या बाजूला उघडत. गोल बांध्यामुळे मुंबईने तिला 'डुक्कर फियाट' हे नाव दिले. त्यात हेटाळणीपेक्षा लडिवाळपणाच अधिक होता. मग १९६४ साली तिची जागा कोनदार बांध्याच्या, मागे लहानसे पंख फुटल्यासारख्या दिसणाऱ्या 'डिलाइट'ने घेतली. इटलीत हिलाच '११०० डी' म्हणत. फियाटशी असलेला करार संपल्यावर १९७२ च्या सुमारास तीच गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी'.

नाव बदलले, गाडी बदलली नाही. पण ज्या गाडीची ही प्रत, ती तरी तंतोतंत उतरली होती का? इटलीतल्या 'डी'चे इंजिन १२२१ घन सेंटिमीटरचे होते. कुर्ल्याच्या गाडीला अखेरपर्यंत जुने १०८९ घन सेंटिमीटरचेच इंजिन राहिले. म्हणजे अंग नव्या आवृत्तीचे आणि हृदय आधीच्या आवृत्तीचे. हस्तलिखितांच्या अभ्यासकाने अशा पोथीला मिश्र पाठाची पोथी म्हटले असते. आमच्याकडे ज्याला 'अस्सल फियाट' म्हणतात, ती मुळातच एक पाठभेद आहे.

'पद्मिनी' या नावाचीही गंमत आहे. अकराशे या आकड्याने ओळखली जाणारी इटालियन गाडी चितोडच्या राणीच्या नावाने ओळखली जाऊ लागली. ही राणी मलिक मुहम्मद जायसीच्या १५४० च्या 'पद्मावत' काव्यातून आणि त्यानंतरच्या असंख्य कथनांतून आपल्यापर्यंत आली आहे. त्या कथनांच्या पलीकडे ऐतिहासिक राणी होती की नाही, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. गाडीला नाव देणाऱ्यांच्या मनात हा विचार असण्याचे कारण नाही. तरी मूळ शोधू जावे तो पाठांतरेच हाती यावीत, हे तिच्या नावालाही लागू पडावे, याचे आम्हांला नवल वाटले.

३

इटलीत हा बांधा १९६९ पर्यंत चालला आणि मग त्याची जागा नव्या गाडीने घेतली. कुर्ल्यात तो त्यानंतर तीस वर्षे निघत राहिला. शेवटच्या पद्मिनी नव्या शतकाच्या उंबरठ्यावर बाहेर पडल्या. याचे कारण केवळ मालकांची अनास्था असे म्हणणे अर्धवट ठरेल. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याने किती गाड्या काढायच्या हे सरकारच्या परवान्यावर अवलंबून ठेवले. १९५३ च्या जकात आयोगाच्या शिफारशींनंतर, सुटे भाग देशात बनवण्याची टप्प्याटप्प्याची योजना असलेल्यांनाच या धंद्यात वाव राहिला. जनरल मोटर्स आणि फोर्ड या कंपन्यांनी आपला गाशा गुंडाळला. मोटारींसाठी प्रामुख्याने उरले तिघे : उत्तरपाड्याचे हिंदुस्थान मोटर्स, मद्रासचे स्टँडर्ड आणि कुर्ल्याचे प्रीमियर. १९५९ साली वितरण आणि विक्री यांवर नियंत्रण आणणारा आदेश निघाला. १९६९ मध्ये किमतीही सरकारने ठरवल्या आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गिऱ्हाईक नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत होते. वाट पाहणारे गिऱ्हाईक दाराशी असताना गाडी बदलण्याची निकड कोणाला भासणार? डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा हे चित्र पालटू लागले.

कारखान्याच्या आतही सारे निवांत नव्हते. कुर्ल्यातल्या उत्पादन-बोनसच्या एका योजनेवरून उठलेला वाद औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जायचा की दिवाणी न्यायालयाकडे, यावर सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली दिलेला निकाल कामगार-कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. आमच्या गाडीचा पत्रा ज्या काळात ठोकला गेला तोच हा काळ. गाडीकडे केवळ घरगुती आठवण म्हणून पाहताना हे हात विसरले जातात.

कारखान्यात गाडी थिजली. रस्त्यावर मात्र ती सतत बदलत राहिली. हा आमच्या मते या गाडीच्या इतिहासाचा गाभा आहे. जे कारखान्याने करायचे ते गल्लीतल्या मिस्त्रींनी केले. कोणी गिअर खाली आणला, कोणी डायनॅमो काढून अल्टरनेटर लावला, कोणी डिझेल इंजिन बसवले, कोणी टपावर कॅरिअर चढवले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींनी तर या गाडीचा स्वतंत्र संप्रदायच निर्माण केला : टपाच्या आतल्या बाजूस फुलाफुलांचे रेक्झिन, डॅशबोर्डावर देवाची तसबीर किंवा मक्केचे चित्र, डिकीत सीएनजीची टाकी. २०१५ मध्ये 'टॅक्सी फॅब्रिक' या उपक्रमात तरुण चित्रकारांनी टॅक्सींची आसने आणि छते नव्या नक्षीच्या कापडाने मढवली, तीही याच परंपरेला धरून. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे या टॅक्सींचा शेवट ठरलेला होता. ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली.

मालकाने केलेले फेरफार म्हणजे 'मूळ' गाडीवर चढलेली पुटे, असे मानून ती खरवडण्याचा हौशी संग्राहकांचा आग्रह असतो. तो पुरा केला तर हा सारा इतिहास कानशीने घासून टाकल्यासारखा होईल.

४

पुनःस्थापनेचा हा वाद मोटारींपेक्षा पुष्कळ जुना आहे. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्यूक याने जुन्या चर्चांची डागडुजी करताना असे प्रतिपादन केले, की पुनःस्थापना म्हणजे वास्तूला अशा पूर्णावस्थेत आणणे, जी कदाचित कोणत्याही एका क्षणी अस्तित्वात नव्हती. इंग्लंडमध्ये जॉन रस्किनने १८४९ सालीच उलट टोकाची भूमिका घेतली होती : पुनःस्थापना हा वास्तूचा सर्वांत मोठा नाश होय. १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेने मधला मार्ग काढला. कोणत्याही काळातली सार्थ भर जपावी. गळालेला भाग नव्याने घालावा लागलाच, तर तो एकंदर रूपाशी मिळता असावा, पण मूळ म्हणून खपू नये. त्याच वर्षी कुर्ल्यात 'डिलाइट' निघू लागली, हा निव्वळ योगायोग.

मराठी वाचकाला मात्र हा वाद व्हेनिसपेक्षा पैठणहून अधिक परिचित आहे. ज्ञानेश्वरीच्या रचनेनंतर सुमारे तीन शतकांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी तिचा पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी आपल्या पदरच्या ओव्या त्यात घालू नयेत असे बजावले. वारकरी परंपरेने वाचली ती मुख्यतः ही शुद्ध केलेली प्रत. १९०९ साली वि. का. राजवाडे यांनी आपल्या मते एकनाथपूर्व असलेल्या हस्तलिखितावरून ज्ञानेश्वरी छापली. जुनी भाषा, जुनी रूपे, म्हणून तीच अस्सल, हा त्यांचा पक्ष होता. तेव्हापासून प्रश्न कायम आहे : ज्ञानदेवांच्या अधिक जवळची असेल ती प्रत खरी, की लोकांच्या ओठी रुळली ती? भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेल्या आणि १९६६ मध्ये पूर्णत्वाला नेलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत या प्रश्नाला एक व्यवहार्य उत्तर सापडते. वि. स. सुकथनकरांनी घालून दिलेल्या पद्धतीनुसार संपादकाने निवड करावी, पण जे नाकारले ते पानाच्या तळाशी नोंदवून ठेवावे. उद्याच्या वाचकाला संपादकाचा निर्णय फिरवता आला पाहिजे.

फियाटच्याच गावचे नाव असलेली ट्यूरिनची सनद जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२-१३ मध्ये स्वीकारली. ती वाचताना सुकथनकरांचीच आठवण होते. वापरासाठी बदल करावे लागले तर ते डोळ्यांत न भरणारे आणि परत फिरवता येतील असे असावेत, त्यांची नोंद असावी, आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीबरोबर जपावेत, असे ती सांगते.

५

तत्त्व समजणे आणि पत्रा कापणे यांत अंतर आहे, ते आम्हांला रंग उतरवताना कळले. पॉलिश पेपरखाली निळा गेला. त्याखाली पांढरा येईल अशी अपेक्षा होती. आला क्रीम. पांढरा त्याच्याही खाली, करड्या प्रायमरवर. क्रीम रंगाची गाडी घरातल्या एकाही छायाचित्रात नव्हती. आत्याला विचारले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दादांना दिलेला शब्द होता रे, पण आता कोणासाठी पाळायचा?" खंबाटकी घाटात गाडी कठड्याला घासली होती. आत्या शेजारी बसलेली. कोणाला इजा झाली नाही. पण आजोबांचा हात थरथरू लागल्याची ती पहिली खूण होती. गाडी साताऱ्यालाच दुरुस्त करून, सगळीकडून रंगवूनच त्यांनी घरी आणली आणि 'रंगाचा कंटाळा आला होता' एवढेच सांगितले. पुढच्याच वर्षी त्यांनी किल्ल्या वडिलांकडे दिल्या. आजोबांनी गाडी का सोडली, हे आम्हांला त्या रंगाच्या थराने सांगितले. तो थर खरवडून टाकण्याची मजुरी आम्हीच देत होतो.

गाडी आम्ही पांढरी केली. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस मात्र वहीच्या पानाएवढी जागा न रंगवता ठेवली आहे. तिथे निळा, क्रीम, पांढरा आणि करडा असे चारही थर पायऱ्यांसारखे दिसतात.

तळाच्या पत्र्याचा निर्णय अधिक जड गेला. या गाडीला वेगळी चासी नाही. अंग हाच तिचा सांगाडा. त्यामुळे तळ गंजला की गाडीचा कणाच गेला म्हणायचा. आमचा तळ मिस्त्रींच्या स्क्रूड्रायव्हरने आरपार भोसकला गेला. नवा पत्रा घालणे अटळ होते. आता प्रश्न असा, की नव्या कोऱ्या पत्र्याला वडिलांचे भोक पाडायचे काय? जुन्या पत्र्यावरचे भोक हा वडिलांनी केलेला फेरफार होता. नव्यावर पाडलेले भोक ही आम्ही केलेली त्याची नक्कल ठरली असती. उलट, आम्ही सगळे गाडी शिकलो ती त्या खालच्या गिअरवर. वडिलांचा डावा हात आमच्या हातावर असे तो तिथेच. आमच्यात यावरून खरोखरीचे भांडण झाले आणि काम दोन महिने थांबले.

त्याचा निकाल माळ्यावर लागला. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या एका पुडक्यात स्टिअरिंगवरच्या गिअरचा दांडा आणि त्याच्या साऱ्या जोडण्या होत्या, ग्रीस लावलेल्या. वर वडिलांच्या अक्षरात लिहिले होते : 'फियाट. गिअर. टाकू नये.' आपण केलेला बदल कोणाला तरी फिरवता यावा, ही सोय त्यांनी १९८८ सालीच करून ठेवली होती. त्यांनी कोणतीही सनद वाचलेली नव्हती.

गिअर वर गेला. भोकासकट कापलेला पत्र्याचा तुकडा आणि खालच्या गिअरचा दांडा आता त्याच माळ्यावर, तसाच गुंडाळून ठेवला आहे. बाकाचे आसन काही मिळाले नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील भंगाराच्या दुकानांत दोन रविवार हिंडलो. जिथे ही गाडी जन्मली त्याच उपनगरात तिचे सुटे अवयव शोधावे लागले. दारांच्या कड्या मिळाल्या, एक शाबूत त्रिकोणी काच मिळाली, बाक नाही. म्हणून वडिलांची दोन आसने राहिली. मुलांना घेऊन रात्रीचा प्रवास करायचा तर दिव्यांना पुरेशी वीज हवी, म्हणून डायनॅमो काढून अल्टरनेटर लावला आणि खांबांना आतून आधारपट्ट्या वेल्ड करून सीटबेल्ट बसवले. हे आमचे प्रक्षेप. प्रत्येकाच्या आतल्या, सहज न दिसणाऱ्या बाजूस साल कोरले आहे. पितळी मुठीला हात लावलेला नाही. मिस्त्रींनी तिचे स्क्रू तेवढे बदलले आणि जुने स्क्रू एका डबीत आम्हांला दिले.

तेव्हा आज गाडीत गिअर १९७४ चा आहे, आसने १९८८ ची, वीज आमची. अशी गाडी पूर्वी कोणत्याही दिवशी अस्तित्वात नव्हती. रस्किनच्या बाजूने बोलत बोलत आम्ही व्हियोले-ल-द्यूकच्या दारी पोहोचलो, हे कबूल केले पाहिजे. आणि ज्या गाडीत आम्ही शिकलो ती आता नाही, हेही.

६

२०२४ मध्ये गाडीला पन्नास वर्षे पूर्ण झाली. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुने वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. त्याला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. अट अशी, की ते मूळ रूपात राखलेले असावे आणि चासी, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, शर्यतवजा फेरी, संशोधन, देखभाल, इंधन भरणे यांपुरतीच ती बाहेर पडते. नियमामागचा हेतू चांगला आहे. निर्यात होऊन किंवा भंगारात जाऊन नष्ट होणाऱ्या गाड्यांना त्यामुळे काही संरक्षण मिळाले. तरीही वारसा म्हणजे कारखान्याच्या दारातून बाहेर पडली तो दिवस, ही त्यामागची कल्पना आम्हांला अपुरी वाटते. हा नियम शब्दशः लावला तर, ज्यांनी पन्नास वर्षे गाडी चालती ठेवली त्यांच्याच खुणा अपात्रतेच्या ठरतात. ज्ञानेश्वरीची केवळ समासात टिपणे नसलेलीच पोथी ग्रंथालयात ठेवायची, असे म्हणण्यासारखे हे आहे.

याचा अर्थ मालकाने वाटेल ते करावे असा नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अशा फेरफारांना मर्यादा घालते आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. आमचे म्हणणे एवढेच, की जुन्या गाडीचे मोल ठरवताना ती कोणत्या सालासारखी दिसते यापेक्षा, तिच्यात काय, केव्हा आणि का बदलले हे सांगता येते का, ते पाहावे. संग्राहकाला एक साल पुरते. घराला तसे पुरत नाही.

आम्ही व्हिंटेजची नोंदणी केली नाही. दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर, हा साध्या गाडीचा रस्ता धरला. डॅशबोर्डाच्या कप्प्यात एक दोनशे पानी वही ठेवली आहे. तिच्यात प्रत्येक फेरफाराची तारीख, कारण, मिस्त्रींचे नाव आणि काढलेला भाग कुठे ठेवला आहे त्याची जागा नोंदवलेली आहे. खंबाटकीच्या कठड्याची नोंदही आत्याच्या परवानगीने त्यात केली. वहीची बहुतेक पाने अजून कोरी आहेत. आमच्यानंतर कोणाला गिअर पुन्हा खाली आणावासा वाटला, तर दांडा माळ्यावर कोणत्या कोपऱ्यात आहे ते तिसऱ्या पानावर लिहिले आहे.